इंटरनेटवरील पत्त्यांची नवी पद्धती
(तालुका प्राथमिक शिक्षक संमेलनात शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी दिलेले व्याख्यान)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पटनोंदणी, वाचन-लेखन, मूल्यमापन हे आपले नित्याचे विषय सोडून विस्तार अधिकाऱ्याने संगणकतज्ज्ञांच्या प्रांतात का शिरावे, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे साहजिक आहे. परंतु आज आपल्या शाळेची हजेरी, पोषण आहाराची नोंद, विद्यार्थ्यांची माहिती, प्रशिक्षणाचे वर्ग, इतकेच काय, खुद्द आपल्या रजेचा अर्जदेखील पुष्कळ ठिकाणी इंटरनेटच्या वाटेने जातो. या वाटेवरील पाट्या सध्या बदलल्या जात आहेत. हे काम गेली पंचवीसहून अधिक वर्षे चालू आहे आणि अद्याप पुरे झालेले नाही. ते का चालू आहे, कसे चालू आहे आणि त्याचा आपल्या शाळेशी काय संबंध पोहोचतो, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम पत्ता म्हणजे काय ते पाहू. आपण मोबाइलवर एखादे पान उघडतो तेव्हा ते पान अखंड येत नाही. त्याचे लहान लहान तुकडे होतात. त्यांस पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटावर दोन पत्ते घातलेले असतात, एक पाठविणाऱ्याचा व दुसरा घेणाऱ्याचा. वाटेतील राउटर नावाची यंत्रे आतील मजकूर वाचण्याच्या भानगडीत पडत नाहीत. टपाल वर्गीकरण करणारा कारकून जसा पाकिटावरील पिनकोड पाहून गठ्ठा लावतो, त्याप्रमाणे ती केवळ पत्ता पाहून पॅकेट पुढच्या यंत्राकडे ढकलतात. पिनकोडची ही सहा आकडी योजना आपल्या देशात १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे पंडित होते, ही गोष्ट आपण वर्गात आवर्जून सांगावी. पहिल्या आकड्यावरून विभाग, पुढील आकड्यांवरून प्रदेश व जिल्हा आणि शेवटच्या तिहींवरून टपाल कचेरी, अशी मोठ्याकडून लहानाकडे येणारी ती रचना आहे. इंटरनेटचा पत्ताही असाच डावीकडून उजवीकडे मोठ्या प्रदेशाकडून लहान घराकडे येतो.

सध्या सर्वत्र परिचित असलेला जुना पत्ता चार संख्यांचा असतो. उदाहरणार्थ, १९२.१६८.१.१. यातील प्रत्येक संख्या ० ते २५५ यांच्या दरम्यानची असते. ही पद्धती सप्टेंबर १९८१ मध्ये लेखी नियम म्हणून प्रसिद्ध झाली. तिला आयपीची चौथी आवृत्ती म्हणतात. संगणकाला केवळ शून्य आणि एक हे दोनच अंक समजतात, अशा अंकास बिट म्हणतात. जुन्या पत्त्यात असे ३२ बिट असतात. तेव्हा एकूण पत्ते किती, हे गणित सातवीचा हुशार मुलगा सोडवील. दोनाला दोनाने गुणीत जावे, असे ३२ दोन झाले की उत्तर येते ४,२९,४९,६७,२९६. म्हणजे सुमारे ४२९ कोटी.

ही संख्या ज्यांनी ठरविली ते अदूरदर्शी होते असे कोणी समजू नये. व्हिंट सर्फ व बॉब कान या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी या पद्धतीचा पाया घातला. पत्त्यात किती बिट असावेत यावर १९७७ च्या सुमारास पुष्कळ वाद झाला, आणि हा एक प्रयोग आहे, प्रयोगापुरते ३२ बिट पुरेत, असा निर्णय झाला. त्या वेळी संगणक विद्यापीठांत आणि लष्करी संशोधनशाळांत असे, तोही खोली भरून टाकणारा. शेतकऱ्याच्या खिशात एक, मुलीच्या दप्तरात एक आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या कॅमेऱ्यात एक अशी त्याची संख्या वाढेल, हे त्या काळी कोणाच्या ध्यानी यावे? प्रयोग संपलाच नाही. तोच पुढे सर्व जगाचा व्यवहार झाला.

शिवाय आरंभी वाटपही सढळ हाताने झाले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या एका शिक्षणसंस्थेला १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ पत्त्यांचा एक अखंड गठ्ठा मिळाला होता. २०१७ मध्ये तिने त्यातील मोठा भाग विकला, यावरून गरजेपेक्षा तो किती अधिक होता हे दिसून येते. आपल्या देशाची स्थिती याच्या उलट आहे. लोकसंख्या १४० कोटींहून अधिक आणि जुने पत्ते चार कोटींच्या आसपास. पंगतीत आधी बसलेल्यांनी वाढून घेतले आणि मागाहून आलेल्यांच्या पानात भांड्याच्या तळाचे पडले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. यात कोणाची दुष्ट बुद्धी होती असे मात्र मी म्हणणार नाही. आलेल्यास द्यावे, असाच तेव्हा नियम होता.

पत्त्यांचे जागतिक कोठार पाहणाऱ्या आयाना या संस्थेने ३ फेब्रुवारी २०११ रोजी आपल्याजवळचे शेवटचे पाच मोठे गठ्ठे जगातील पाच विभागीय संस्थांना वाटून टाकले आणि कोठार रिकामे झाले. आशिया व पॅसिफिक भागाची विभागीय संस्था एपनिक ही ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे आहे. तिचा साठा त्याच वर्षी १५ एप्रिलला शेवटच्या गठ्ठ्यावर येऊन ठेपला आणि तेव्हापासून मागेल त्याला अगदी मोजके पत्ते देण्याचे रेशन सुरू झाले. उत्तर अमेरिकेतील साठा सप्टेंबर २०१५ मध्ये व युरोपातील नोव्हेंबर २०१९ मध्ये संपला. आता जुने पत्ते बाजारात पैसे मोजून विकत घ्यावे लागतात.

मग २०११ नंतर घेतलेले आपले मोबाइल चालतात कसे, असे आपण विचाराल. येथे विषयाचे मर्म आहे, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

खेड्यात पूर्वी ज्याचे स्वतःचे घर रस्त्यावर नसे तो पत्रावर ‘मार्फत’ लिहीत असे. मार्फत अमुक सावकार, मार्फत अमुक किराणा दुकान. पोस्टमन दुकानात पत्र टाकी, आणि दुकानदार ज्याचे त्याला पोहोचवी. इंटरनेटवर नेमकी हीच युक्ती १९९४ मध्ये पुढे आली. काही पत्ते खाजगी म्हणून राखून ठेवण्यात आले. मघाशी सांगितलेला १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता त्यांपैकीच आहे. तो लक्षावधी घरांत व शाळांत एकाच वेळी वापरला जातो आणि भिंतीबाहेर त्याला काही अर्थ नसतो. शाळेतील दहा संगणकांना असे दहा खाजगी पत्ते असतात. बाहेर जाताना शाळेचा राउटर ते पुसून त्या जागी आपला एकच खरा पत्ता घालतो, कोणाचे पॅकेट कोणते याची वही ठेवतो आणि उत्तर आले की वही पाहून ज्याचे त्याला देतो. ही वही प्रत्येक व्यवहाराला एक क्रमांक देऊन लिहिली जाते. त्या क्रमांकास पोर्ट म्हणतात आणि एका पत्त्याला असे ६५,५३६ क्रमांक असतात.

ही तोड हुशारीची होती आणि तिने पंधरावीस वर्षे निभावून नेले. पण पुढे सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांजवळही प्रत्येक शाळेला देण्याइतके खरे पत्ते उरले नाहीत. मग त्यांनीही मोठ्या प्रमाणावर तेच केले. शाळेच्या राउटरला मिळणारा पत्ताही आता कंपनीचा खाजगी पत्ता असतो, आणि शेकडो, कधी हजारो ग्राहक एकाच खऱ्या पत्त्याआडून बाहेर पडतात. २०१२ मध्ये या कामासाठी १००.६४ पासून सुरू होणारा एक पत्तासमूह मुद्दाम राखून ठेवण्यात आला. मार्फतच्या आत आणखी एक मार्फत, असा हा प्रकार आहे.

याचे परिणाम कसे होतात ते पाहा. आपल्याच तालुक्यातील एका शाळेत मुलांची चाचणी इंटरनेटवरून घ्यावयाची होती. मुले वेळेवर बसली, टॅब सुरू झाले आणि पडद्यावर सूचना आली की, आपल्या पत्त्यावरून फार विनंत्या आल्या आहेत, थोड्या वेळाने प्रयत्न करावा. शाळेतून विनंत्या गेल्या होत्या केवळ बारा. परंतु चाचणीच्या संकेतस्थळाला दिसत होता तो कंपनीचा एक सामाईक पत्ता, आणि त्या पत्त्याआडून आजूबाजूच्या गावांतील कितीतरी शाळा व घरे त्याच घटकेला दार ठोठावीत होती. पहारेकऱ्याला ती सर्व गर्दी एकच दांडगा माणूस वाटली. मुख्याध्यापकांनी टॅब बदलले, तारा तपासल्या, शेवटी शिक्षकांच्या मोबाइलवरून जोडणी करून चाचणी कशीबशी उरकली. दोष त्यांचा नव्हता, मुलांचाही नव्हता. तथापि वरच्या अहवालात ‘शाळेची तयारी अपुरी’ एवढेच लिहिले गेले.

याहून गंभीर गोष्ट अशी की, इंटरनेटवर कोणी फसवणूक केली किंवा बदनामीकारक मजकूर टाकला, तर तपास करणाऱ्यांच्या हाती प्रथम पत्ता लागतो. पत्ता जर शेकडो जणांचा सामाईक असेल, तर केवळ त्यावरून माणूस ठरविता येत नाही. त्यासाठी पोर्टचा क्रमांक आणि सेकंदापर्यंत अचूक वेळ या दोन्ही गोष्टी लागतात, आणि त्यांची नोंद दोन्ही टोकांना जपून ठेवलेली असावी लागते. ती नसेल तर निरपराध माणसाच्या दारात चौकशी येऊन उभी राहण्याचा संभव असतो. शाळेच्या जोडणीबाबत असे कधी घडल्यास ‘पत्ता तुमचा आहे’ एवढ्या विधानावर मुख्याध्यापकांनी गोंधळून जाऊन कोणा मुलाचे किंवा सहकाऱ्याचे नाव सांगू नये. पोर्ट कोणता व वेळ कोणती, हे नम्रपणे पण लेखी विचारावे. तसा अधिकार आपल्याला आहे.

आता नव्या पद्धतीकडे वळू. साठा संपणार हे तज्ज्ञांनी पुष्कळ आधी ओळखले होते. डिसेंबर १९९५ मध्ये नव्या आवृत्तीचा पहिला मसुदा, डिसेंबर १९९८ मध्ये सुधारलेले नियम, आणि जुलै २०१७ मध्ये पूर्ण प्रमाणित स्वरूप, असा तिचा प्रवास आहे. ही सहावी आवृत्ती. चारानंतर एकदम सहा कशी, ही शंका चौकस मुले हमखास काढतील. पाच हा क्रमांक त्यापूर्वीच दुसऱ्या एका प्रायोगिक पद्धतीला देऊन झाला होता आणि ती पद्धती व्यवहारात रुजली नाही.

नव्या पत्त्यात १२८ बिट आहेत. बत्तीसच्या चौपट बिट, म्हणून पत्तेही चौपट, असे उत्तर वर्गात निम्मी मुले देतील. वर्तमानपत्रांतूनही मी असे वाचले आहे. येथे आपण बुद्धिबळाच्या पटाची ती प्रसिद्ध गोष्ट उपयोगात आणावी. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, याप्रमाणे दुप्पट करीत जावे. अर्ध्या पटावरील ३२ घरांतील सर्व दाण्यांच्या बेरजेत एक मिळवला की जुन्या पत्त्यांची संख्या येते. नव्या पत्त्यांसाठी पूर्ण पट घ्यावा, त्याला आणखी एक पूर्ण पट जोडावा, दुप्पट करण्याचे थांबू नये, आणि १२८ घरांच्या बेरजेत एक मिळवावा. एका पटाचे दाणेच राजाच्या कोठारात मावले नव्हते, हे मुलांना ठाऊक असते. दुसऱ्या पटाचे नाव काढताच त्यांचे डोळे विस्फारतात. ती संख्या ३९ आकडी आहे, चौतीसवर सदतीस शून्ये मांडली तर तिच्या जवळ पोहोचता येते. घातांकाचा धडा शिकविण्यास याहून सरस उदाहरण मला तरी सापडलेले नाही.

इतका लांब पत्ता दशमान पद्धतीत लिहिणे सोयीचे नाही, म्हणून तो सोळाच्या पायावर लिहितात. ० ते ९ हे आपले अंक आणि पुढे १० साठी ए, ११ साठी बी, असे १५ साठी एफ पर्यंत. चार चार अंकांचे आठ गट आणि दोन गटांमध्ये विसर्गासारखी दोन टिंबे. फळ्यावर लिहिण्यासाठी, कोणाच्याही मालकीचा नसलेला, केवळ उदाहरणांसाठी राखून ठेवलेला पत्तासमूह आहे, तोच घ्यावा:

२००१:०डीबी८:००००:००००:००००:००००:०००७:००ए१

येथे डी आणि बी ही प्रत्येकी एकच खूण धरावी; देवनागरीत वेलांटीमुळे ती लांब दिसते इतकेच. प्रत्येक गटाच्या आरंभीची शून्ये गाळता येतात. सलग आलेले शून्यांचे गट एकदा, आणि एकदाच, चार टिंबांनी दाखविता येतात. त्यायोगे हाच पत्ता असा होतो:

२००१:डीबी८::७:ए१

एकदाच का, याचे कारण मुलांकडूनच काढून घ्यावे. समजा कोणी २००१:डीबी८::५::९ असे लिहिले. दिसणारे गट चार, म्हणजे शून्यांचे गटही चार. पण पहिल्या जागी एक व दुसऱ्या जागी तीन, की दोन-दोन, की तीन आणि एक? ठरविता येत नाही. शेवटचा गट ए१ म्हणजे दहा गुणिले सोळा अधिक एक, एकशे एकसष्ट. स्थानिक किंमत ज्याला खरोखर समजली आहे तो मुलगा हे चटकन सांगतो. ज्याने एकक-दशक केवळ पाठ केले आहे तो अडखळतो. परीक्षा म्हणूनही हे उदाहरण उपयोगी आहे.

या पत्त्याचे साधारणपणे दोन अर्ध असतात. डावा अर्ध जाळे सांगतो, उजवा अर्ध त्या जाळ्यातील यंत्र. एका घराच्या किंवा शाळेच्या एका जाळ्याला उजव्या अर्धाचे ६४ बिट मोकळे मिळतात, म्हणजे जगातील सर्व जुने पत्ते एकत्र केले तरी त्यांच्या ४२९ कोटी पट. त्यामुळे ‘मार्फत’ची गरज उरत नाही, प्रत्येक टॅबला स्वतःचा खरा पत्ता मिळतो. पॅकेटाचे शीर्षही सुटसुटीत झाले आहे. त्याची लांबी ठराविक ४० बाइट आहे, आणि प्रत्येक राउटरने करावयाची शीर्षाची बेरीज-पडताळणी काढून टाकली आहे. बाकी तपशील तज्ज्ञांकडे सोपवून पुढे जाऊ.

मग जुने टाकून नवे का स्वीकारले जात नाही? येथे अडचण अशी आहे की, दोन्ही पद्धती परस्परांस समजत नाहीत. केवळ जुनी पद्धती जाणणाऱ्या यंत्रापुढे नवे पॅकेट ठेवणे म्हणजे मोडी न शिकलेल्यापुढे मोडीचा कागद ठेवण्यासारखे आहे. १ जानेवारी १९८३ या दिवशी त्या वेळच्या आर्पानेट नावाच्या जाळ्याने ठरवून एका दिवसात जुनी पद्धती बंद केली व ही चौथी आवृत्तीची कुळी स्वीकारली. पण तेव्हा जोडलेली यंत्रे काही शेकडो होती. आज कोणी अशी एकच तारीख नेमून देऊ म्हणेल तर बँका, रुग्णालये, रेल्वे सारेच खोळंबेल. आणि ज्याच्याजवळ जुने पत्ते भरपूर आहेत त्याला घाईही नसते.

आपल्या वडीलधाऱ्यांनी असे एक स्थित्यंतर अनुभवले आहे. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. पण आणे त्याच दिवशी नाहीसे झाले नाहीत. काही वर्षे दोन्ही नाणी चालत होती, दुकानदाराच्या गल्ल्यात दोन्ही असत. चार आण्यांचे पंचवीस नवे पैसे हा हिशेब सरळ होता. परंतु एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा आणि तीन आण्यांचे एकोणीस असे कोष्टक पाळताना कोठे ना कोठे अपूर्णांक सांडत असे. इंटरनेटवरही असेच चालले आहे. ज्या यंत्रांना दोन्ही पद्धती येतात ती गल्ल्यात दोन्ही नाणी ठेवणाऱ्या दुकानदारासारखी होत, आणि हाच मार्ग सर्वांत निर्धोक मानला जातो. दोन नव्या जाळ्यांच्या मध्ये जुना मुलूख असेल तर नवे पॅकेट जुन्या पाकिटात घालून पलीकडे पोहोचवितात व तेथे वरचे पाकीट फाडतात. आणि जेथे एका टोकाला केवळ नवे व दुसऱ्याला केवळ जुने आहे, तेथे मध्ये सराफ बसवून नाणे बदलून घ्यावे लागते. पुष्कळ मोबाइल जाळी आता आतून नव्या पद्धतीवरच चालतात. एखादे जुने ॲप जुनाच पत्ता मागत असेल तर फोन स्वतः त्याचे भाषांतर करतो आणि कंपनीचे यंत्र दुसऱ्या टोकाला ते उलटे फिरविते. वापरणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही. संकेतस्थळांची नावे तर तीच राहतात. एकाच नावापुढे जुना व नवा असे दोन्ही पत्ते नोंदविलेले असतात. त्यामुळे हा लांबलचक आकडा आपणांस पाठ करावा लागणार नाही, ही भीती कोणी बाळगू नये.

या बाबतीत आपला देश मागे नाही, हे मी समाधानाने सांगतो. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाने जुलै २०१० मध्ये पहिला राष्ट्रीय आराखडा काढला व मार्च २०१३ मध्ये दुसरा. ६ जून २०१२ रोजी जगातील अनेक मोठ्या कंपन्यांनी नवी पद्धती कायमची सुरू केली. आपल्याकडे खरी चालना मिळाली ती ५ सप्टेंबर २०१६ पासून, जेव्हा जिओची चौथ्या पिढीची मोबाइल सेवा सुरू झाली. तिचे जाळे आरंभापासूनच नव्या पद्धतीला धरून उभारले होते. (तो शिक्षकदिन होता, हा योगायोग.) आज भारतातील निम्म्याहून कितीतरी अधिक वापरकर्ते नव्या पत्त्याने इंटरनेटवर जातात आणि या बाबतीत आपण जगातील अग्रेसर देशांत गणले जातो. ज्यांच्या पानात कमी पडले होते त्यांनीच नवी चूल आधी मांडली, यात नवल नाही.

दुर्दैवाने शाळांत चित्र वेगळे दिसते. शिक्षकाच्या खिशातील मोबाइल नव्या पद्धतीने चालतो, आणि त्याच शिक्षकाच्या शाळेतील राउटर जुन्याने. अनेक राउटरांत नवी पद्धती असतेच. ती बंद करून ठेवलेली असते. जोडणी करून देणाऱ्या कारागिरांमध्ये अशी समजूत रूढ आहे की, काही अडले की प्रथम ‘ते सहा नंबरचे’ बंद करावे. एके काळी त्यात तथ्य होते. नवी वाट अर्धवट बांधलेली असे, संगणक तिकडे जाऊन ताटकळत उभा राही आणि पान उघडण्यास विलंब लागे. परंतु २०१२ पर्यंत यावर उपाय निघाला. आता यंत्र दोन्ही वाटा जवळजवळ एकाच वेळी चाचपून पाहते आणि जी आधी साद देईल ती धरते. तेव्हा केवळ सवयीने नवी पद्धती बंद करू देऊ नये. कारण विचारावे, आणि कारण तात्पुरते असेल तर दुरुस्तीनंतर ती पुन्हा सुरू करून घ्यावी.

दोन शंका मात्र रास्त आहेत. ‘मार्फत’चा पडदा गेला तर बाहेरचा कोणीही सरळ शाळेच्या संगणकापर्यंत पोहोचेल काय? वही ठेवणारा राउटर बाहेरून अनाहूत आलेल्यास आपोआप अडवीत असे, हे खरे. पण ते त्याचे मूळ काम नव्हते. अडविण्याचे काम फायरवॉलचे आहे, आणि ती नव्या पद्धतीसाठीही राउटरमध्ये चालू असली पाहिजे. नवी पद्धती सुरू करून घेताना हे तपासून घेतल्याशिवाय कारागिराला सोडू नये. दुसरी शंका खाजगीपणाची. आरंभी पत्त्याचा उजवा अर्ध यंत्राच्या कायमच्या क्रमांकावरून बनविला जाई, त्यामुळे एखादे यंत्र गावोगाव फिरले तरी ओळखू येत असे. हा दोष ध्यानात येताच २००१ मध्ये, आणि पुढे २००७ मध्ये सुधारून, अधूनमधून बदलणाऱ्या तात्पुरत्या पत्त्यांची तरतूद करण्यात आली. आजचे बहुतेक फोन व संगणक तीच वापरतात. मुलांच्या हाती जी यंत्रे देतो त्यांत ही सोय बंद केलेली नाही, एवढे पाहावे.

आपल्या शाळेत कोणती पद्धती आहे हे पाहण्यास कारागीर लागत नाही. बहुतेक अँड्रॉइड मोबाइलांत सेटिंगमध्ये फोनविषयीच्या माहितीत आयपी पत्ता दिलेला असतो. प्रथम मोबाइलच्या स्वतःच्या जोडणीवर असताना तो पाहावा, नंतर शाळेच्या वायफायवर. टिंबांच्या जोड्या असलेला लांब पत्ता दिसला तर नवी पद्धती आहे. त्यातही २ ने किंवा ३ ने सुरू होणारा असेल तर तो जगभर चालणारा होय. एफई८० ने सुरू होणारा केवळ खोलीपुरता असतो, त्यावरून फसू नये. केवळ चार संख्यांचाच पत्ता दिसला तर शाळा अद्याप जुन्या वाटेवर आहे. हा आकडा सर्वांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्याचे मात्र कारण नाही.

ग्रामपंचायतीच्या निधीतून किंवा लोकवर्गणीतून राउटर, कॅमेरे वगैरे घ्यावयाचे असल्यास दरपत्रक मागवितानाच ‘आयपी आवृत्ती चार व सहा या दोन्हींवर चालणारे’ असे शब्द लिहावेत. सेवा देणाऱ्या कंपनीलाही, आमच्या जोडणीवर सहावी आवृत्ती सुरू आहे किंवा नाही आणि नसल्यास केव्हा मिळेल, असे एका ओळीचे पत्र द्यावे व त्याची स्थळप्रत दप्तरी ठेवावी. या तालुक्यातील शाळांनी वरीलप्रमाणे पाहून ‘जुनी’, ‘नवी’ किंवा ‘दोन्ही’ यांपैकी एक शब्द येत्या महिन्याच्या केंद्रसभेत केंद्रप्रमुखांकडे नोंदवावा. पत्ता लिहू नये, शब्द पुरे आहे. ज्या शाळांत इंटरनेट नाही त्यांनी तसेच लिहावे. ती नोंद मला इतर तिन्हींपेक्षा आधी हवी आहे.